दहिवर वितळेपर्यंत

निफाड तालुक्यातील एका द्राक्ष बागायतदाराचा मुलगा गोल्फ खेळतो, ही गोष्ट आमच्या गावात अद्याप कोणी फारशी गंभीरपणे घेतलेली नाही. 'एवढ्या मोठ्या शिवारात एवढासा चेंडू हरवायचा आणि मग चौघांनी मिळून तो शोधायचा', अशी या खेळाची व्याख्या माझ्या थोरल्या चुलत्यांनी एकदा केली होती आणि तीत दुरुस्ती सुचवावी असे मला आजवर वाटलेले नाही. मी स्वतः वयाच्या अडतिसाव्या वर्षापर्यंत गोल्फची काठी हातात धरली नव्हती. धरली ती शिलाँगला बदली झाल्यावर, २००८ साली.

बदलीचा आदेश हाती पडला तेव्हा दिल्लीतील सहकाऱ्यांनी ज्या स्वरात माझी विचारपूस केली, त्या स्वरात एरवी रुग्णालयात विचारपूस करतात. केंद्र सरकारच्या नोकरीत ईशान्येकडील बदली ही अनेकांना शिक्षा वाटते. माझ्यापुरते सांगायचे तर ती शिक्षा नव्हती, परंतु एकटेपणा होता. मुलांच्या शाळेमुळे कुटुंब पुण्यात राहिले. सरकारी निवासस्थानात मी, एक लोखंडी पलंग आणि पावसाने ओलावलेली पुस्तके. त्यात शिलाँगचा दिवस फार लवकर मावळतो. आपली भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर ठरलेली आहे, शिलाँग जवळजवळ ९२ अंशांवर आहे आणि आमचे निफाड ७४ अंशांच्या आसपास. म्हणजे एकाच घड्याळाच्या देशात या दोन गावांच्या सूर्यांमध्ये सत्तरेक मिनिटांचे अंतर. डिसेंबरात साडेचार वाजता तेथे सूर्य मावळतो. कार्यालयातून बाहेर पडावे तर काळोख. जे काही करायचे ते सकाळी. म्हणून एका वरिष्ठ सहकाऱ्याच्या आग्रहावरून मी शनिवार-रविवारी सकाळी गोल्फच्या मैदानावर जाऊ लागलो.

हे मैदान पाहिले नसेल तर अवश्य पाहावे. समुद्रसपाटीपासून सुमारे १५०० मीटर उंचीवर, पाइन वृक्षांनी वेढलेल्या एका वळणावळणाच्या दरीत ते पसरलेले आहे. १८७४ साली आसामचा स्वतंत्र प्रांत झाला आणि शिलाँग त्याची राजधानी झाली. १८९८ साली इंग्रज मुलकी अधिकाऱ्यांनी येथे नऊ होलचे मैदान आखले आणि १९२४ साली त्याचे अठरा होल झाले. कलकत्त्याचा रॉयल क्लब त्याहून कितीतरी जुना, १८२९ चा. परंतु कलकत्त्यात गोल्फ खेळणाऱ्याला घाम पुसावा लागतो, शिलाँगला हात चोळावे लागतात. स्कॉटलंडहून आलेल्या त्या साहेबांना घरची आठवण येण्याजोगी थंडी येथेच मिळाली असावी.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने अशा मैदानावर उभे राहून जमिनीच्या पर्यायी उपयोगाचा विचार करू नये, हे अशक्य आहे. भर शहरातील एवढी जमीन थोड्या लोकांच्या खेळासाठी असावी काय, हा प्रश्न देशातील बहुतेक गोल्फ मैदानांबद्दल रास्तपणे विचारला जातो. शिलाँगचे मैदान मला त्यातल्या त्यात उदार वाटले. त्यातून रस्ते जातात, सकाळी लोक फिरायला येतात, शाळकरी मुले वाट तुडवीत जातात. फटका मारण्याआधी एखादी आजीबाई पाठीवरच्या टोपलीसह पलीकडे जाईपर्यंत थांबावे लागते. या थांबण्याची मला हळूहळू सवय झाली. या लेखाचा विषय मात्र दुसरे एक थांबणे आहे.

प्रथम थंडीविषयी. ज्यांनी गोल्फ खेळलेला नाही त्यांना असे वाटणे साहजिक आहे की थंडीने खेळाडू काकडतो, चेंडूला काय होणार? प्रत्यक्षात चेंडूही काकडतो. त्याचा गाभा रबरासारख्या द्रव्याचा असतो आणि थंडीत त्याची उसळी मंदावते. शिवाय थंड हवा उबदार हवेपेक्षा दाट असल्याने चेंडूला अधिक अडवते. तापमान दहा अंशांनी उतरले की लांब फटक्याचे तीन-चार यार्ड केवळ हवेमुळेच कमी होतात, असा साधारण हिशेब आहे. वर खेळाडूच्या अंगावर दोन स्वेटर असल्याने त्याचे खांदे पूर्ण फिरत नाहीत, ते निराळेच. उलट उंचीवरील हवा विरळ असल्याने शिलाँगसारख्या ठिकाणी एरवी चेंडू समुद्रसपाटीच्या मानाने पाचेक टक्के लांब जातो. म्हणजे डोंगराने दिलेले थंडी काढून घेते. आणि फटका चेंडूच्या मध्यावर न बसता थोडा इकडेतिकडे लागला, तर गारठलेल्या बोटांतून जी कळ जाते, ती प्राथमिक शाळेतील छडीची आठवण करून देते.

या सर्वांवरचा उपाय मला भौतिकशास्त्राच्या पुस्तकाने शिकवला नाही. तो माझ्या कॅडीने शिकवला. चाळिशी ओलांडलेला, मितभाषी खासी माणूस. त्याच्या गालात सदैव क्वाय, म्हणजे तिकडचे विडा-सुपारी. मी त्याला तिथल्या रिवाजाप्रमाणे 'बाह' म्हणत असे आणि तो मला 'सर' म्हणत असे. मी सात नंबरची आयर्न मागितली की तो न बोलता सहा नंबरची पुढे करी. पहिल्या हिवाळ्यात मी ती परत करीत असे आणि माझा चेंडू हिरवळीच्या दहा पावले अलीकडे पडत असे. दुसऱ्या हिवाळ्यात मी परत करणे सोडले. उन्हाळ्यातली आपली ताकद हीच आपली खरी ताकद, असे माणूस धरून चालतो. हिवाळ्याचा हिशेब वेगळा मांडावा लागतो.

खेळाच्या नियमांतही थंडीसंबंधी दोन गमतीदार तरतुदी आहेत. खेळाडूने आपले हात ऊब देऊन गरम केले तर चालते. चेंडू मुद्दाम तापवून मारला तर नियमभंग होतो. दुसरी तरतूद आम्हा फायलीवाल्यांना विशेष आवडावी अशी आहे. मैदानावर बर्फ पडला असेल तर तो बाजूला सारता येतो, किंवा साचलेले पाणी समजून चेंडू तेथून हलवता येतो. परंतु दहिवराला ही सवलत नाही. दव आणि दहिवर असेल तसे स्वीकारून खेळायचे. बर्फाला नियमांत दोन पर्याय, दहिवराला एकही नाही.

दहिवर हा शब्द शहरी मराठीतून जवळजवळ गेला आहे. दरवर्षी हिवाळ्यात 'महाबळेश्वरला वेण्णा तलावाजवळ दवबिंदू गोठले' अशी बातमी आपण वाचतो, ते दहिवरच. शिलाँगला डिसेंबर-जानेवारीत हवेचे तापमान तीन-चार अंशांपर्यंत उतरते, म्हणजे शून्याच्या वरच असते. परंतु निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडून देते, थंड जड हवा उतारावरून ओघळून दरीच्या तळाशी साचते आणि गवताच्या पात्याजवळ पारा शून्याखाली जातो. सकाळी सहा वाजता पाहावे तर सारे मैदान पिठी साखर भुरभुरल्यासारखे पांढरे.

अशा गवतावर पाय ठेवू नये. पात्याच्या आतले पाणी गोठलेले असते. बुटाखाली पाते वाकत नाही, मोडते. त्या क्षणी काहीच दिसत नाही. चार-सहा दिवसांनी मात्र तेथे बुटाच्या आकाराचा करडा डाग उमटतो आणि वसंत येईपर्यंत राहतो. पहिल्या हिवाळ्यात एका सकाळी अधीरपणे मी एका हिरवळीवर चालत गेलो होतो. पुढच्या आठवड्यात तेथील वयस्क माळ्याने मला बोलावून सात पावलांचे ठसे दाखवले आणि शांतपणे माझ्या बुटांकडे पाहिले. त्यानंतर मी शहाणा झालो. दहिवर असेल तर ते वितळेपर्यंत खेळ थांबवायचा. हा नियम शहाणपणाचा आहे, हे मी आजही मानतो.

ज्या सकाळविषयी सांगायचे आहे ती जानेवारी २०१० मधील एका शनिवारची. आम्ही चौघे होतो: दोन केंद्रीय अधिकारी, एक बँकेतले आणि एक सैन्यातून निवृत्त झालेले डॉक्टर. दहिवर दाट पडले होते. चहाच्या टपरीवरच्या कॉङने कोळशाची शेगडी पेटवली होती. आम्ही तिच्याभोवती बसलो, चहा झाला, दुसरा चहा झाला, सहाव्या वेतन आयोगाच्या थकबाकीवर चर्चा झाली. आठ वाजून गेले. थांबण्यात एक सुख असते. नियमाप्रमाणे थांबण्यात तर सुख आणि समाधान दोन्ही असतात.

कॅडी शेगडीपासून दूर, झाडाखाली उभे होते. मी चहा देण्याच्या निमित्ताने माझ्या बाहजवळ गेलो. तो आकाशाकडे पाहत होता. "आज एकच फेरी होणार, सर," तो म्हणाला. मला प्रथम अर्थबोध झाला नाही. मग त्याने बोटांवर मोजून दाखवले. साडेसहाला सुरुवात झाली तर साडेदहा-अकराला एक फेरी संपते आणि दुपारी दुसऱ्या चौकडीबरोबर दुसरी मिळते. नऊला सुरुवात झाली तर पहिली संपेपर्यंत एक वाजतो आणि दुसरी पुरी होण्याआधी अंधार पडतो. त्याला मेहनताना फेरीवर मिळत असे. म्हणजे ज्या दोन तासांत मी चहा पीत होतो, त्या दोन तासांत त्याची निम्मी मजुरी बुडत होती. दहिवर हिरवळीवर पडले होते. त्याचा खर्च त्याच्या घरात पडत होता.

अर्थशास्त्रात याला नाव आहे. निर्णय एकाचा आणि त्याची किंमत तिसऱ्याच्या खात्यावर, हे मी एम. ए.ला शिकलो आणि त्यावर उत्तम गुण मिळवले. रेल्वेने मालडबा वेळेत रिकामा न करणाऱ्याकडून डेमरेज घेतले जाते. का, तर अडकून पडलेल्या डब्यालाही किंमत असते. अडकून पडलेल्या माणसासाठी कोणी डेमरेज लावलेले मी पाहिलेले नाही.

बाह पुढे जे म्हणाला ते त्याने संकोचानेच म्हटले. दरीच्या पूर्वेकडील टेकडीच्या सावलीत पहिले तीन होल होते. तेथे दहिवर नऊपर्यंत राहणार हे उघड होते. परंतु पलीकडच्या उतारावर ऊन केव्हाच पोचले होते. तिकडचे गवत मोकळे, ओले, हिरवे दिसत होते. "तिकडून सुरू केले असते तर..." एवढेच बोलून तो थांबला.

मी आमच्या मंडळींकडे आलो आणि तसे सुचवले. "पहिल्या होलपासूनच सुरू करायचे असते," आमच्यापैकी एक म्हणाले. त्यांचे चुकत नव्हते, पण आम्ही काही स्पर्धा खेळत नव्हतो. डॉक्टरसाहेब हसले आणि बॅग उचलून चालू लागले. साडेआठला आम्ही उन्हातल्या होलवरून सुरुवात केली. माळ्याला विचारले तर तो म्हणाला, तिकडे तर साडेसातपासूनच जाता आले असते. कोणी विचारले नाही.

कोणी विचारले नाही, हे शब्द त्या दिवशी अठरा होलभर माझ्याबरोबर चालत होते. त्याचे कारण मैदानावर नव्हते, माझ्या टेबलावर होते.

आमच्या कार्यालयातील एक चौकीदार जून २००९ मध्ये सेवेत असतानाच वारला होता. त्याची पत्नी दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात येऊन व्हरांड्यातील बाकावर बसत असे. ती काही मागत नसे. फक्त विचारत असे, पत्र आले का. हे पत्र दुसऱ्या एका कार्यालयाकडून यायचे होते. आमच्याकडे येण्यापूर्वी चौकीदाराने तेथे काही वर्षे नोकरी केली होती आणि सेवापुस्तकातील त्या काळाच्या पडताळणीवर सही नव्हती. आम्ही लिहिले होते, स्मरणपत्र धाडले होते, दुसरे स्मरणपत्र धाडले होते. फाइल माझ्यापुढे दोनदा आली होती आणि दोन्ही वेळा मी टिपणीखाली लिहिले होते: 'उत्तराची प्रतीक्षा करावी.' सात महिने झाले होते. अपुऱ्या कागदांवर पैसे मंजूर करू नयेत, हा नियमही शहाणपणाचाच आहे. घाईने टाकलेले पाऊल लेखापरीक्षणात काही वर्षांनी करड्या डागासारखे उमटते, हे मी पाहिले होते.

सोमवारी सकाळी मी ती फाइल मागवली आणि सात महिन्यांत प्रथमच सर्व कागद एका बैठकीत, निवृत्तिवेतनाचे नियम शेजारी ठेवून वाचले. जे दिसले त्याने मला लाज वाटली. पडताळणी न झालेल्या त्या वर्षांचा संबंध ग्रॅच्युइटीशी होता, कारण ग्रॅच्युइटीची रक्कम एकूण सेवेच्या लांबीवर ठरते. कुटुंब निवृत्तिवेतन तसे ठरत नाही. ते शेवटच्या पगारावर ठरते. एक वर्षाची सलग सेवा त्याला पुरते आणि तेव्हाच्या नियमांनुसार वाढीव दरासाठी सात वर्षे पुरत. त्या माणसाची आमच्याच कार्यालयातील निर्विवाद, पडताळलेली सेवा चौदा वर्षांची होती. म्हणजे दहिवर होते ते ग्रॅच्युइटीवर. निवृत्तिवेतनावर पहिल्या महिन्यापासून स्वच्छ ऊन पडलेले होते. आम्ही दोन्ही कागद एकाच दोऱ्यात बांधले होते, पहिल्यापासून सुरुवात करायची म्हणून थांबलो होतो, आणि व्हरांड्यात एक बाई सात महिने बसली होती.

यात कोणाची लबाडी नव्हती, हे मला आवर्जून सांगितले पाहिजे. विभागातील लिपिक प्रामाणिक होता. त्याने पूर्वीच्या प्रकरणांत जसे केले होते तसे केले. मीही प्रामाणिक होतो. प्रशासनातील फार मोठा विलंब प्रामाणिक माणसांच्या हातून होतो, कारण अप्रामाणिक विलंबाची किंमत तरी ठरलेली असते आणि ती मिळाली की तो संपतो. प्रामाणिक विलंबाला शेवट नसतो. त्याला समाधान मात्र असते, आणि शेगडीची ऊब असते.

त्याच आठवड्यात कुटुंब निवृत्तिवेतनाचे कागद वेगळे करून पाठवले आणि ते मंजूर होऊन येईपर्यंत तात्पुरत्या निवृत्तिवेतनाची जी सोय नियमांत आहे, तिच्यानुसार तिला पैसे सुरू केले. थकबाकी मिळाली तेव्हा ती बाई सही करायला आली. पाठीशी चौकड्यांची शाल, बरोबर दहा-बारा वर्षांची मुलगी. ती "खुब्लेई" म्हणाली, म्हणजे ईश्वर तुमचे भले करो. मग तिने दुभाष्याचे काम करणाऱ्या आमच्या लिपिकाला खासीत काही विचारले. लिपिक जरा अवघडून म्हणाला, "सर, ती विचारते आहे, हे आधी का नाही झाले?" तिचा स्वर तक्रारीचा नव्हता. तिला खरोखरच कारण हवे होते, कदाचित घरी सांगण्यासाठी. मी म्हणालो, आमची चूक झाली. लिपिकाने त्याचे काय भाषांतर केले ते मला कळले नाही. ग्रॅच्युइटीचे पत्र आणखी चार महिन्यांनी आले.

त्या रविवारी मी वडिलांना फोन केला होता. आमच्याकडे निफाडला थंडीचे आकडे कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरून येतात आणि त्या दिवसांत ते आकडे ऐकूनच बागायतदाराची झोप उडते. द्राक्षाचे घड भरत आलेले असतात. पारा फार उतरला की मणी तडकतात, वाढ थांबते. लहानपणी अशा रात्री अण्णा आम्हाला तीन वाजता उठवीत. बागेच्या बांधाबांधावर पालापाचोळा आणि जुनी लाकडे रचलेली असत. त्या शेकोट्या पेटवायच्या, धूर बागेत कोंडेल असे पाहायचे, विहिरीचे कोमट पाणी पाटाने वेलींच्या मुळांशी सोडायचे. वीज असेल तर पंप, नसेल तर देवाचे नाव. दहिवर आपोआप वितळण्याची वाट पाहणे ही चैन आम्हाला परवडणारी नव्हती, कारण नुकसान आमच्याच घरात होणार होते.

मी अण्णांना मैदानाची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "तुमचं गवत आहे, थांबलं तर वाचतं. आमची द्राक्षं थांबलो तर जातात. कशावर दहिवर पडलंय ते आधी बघायचं असतं." त्यांना चौकीदाराच्या फायलीविषयी मी काही सांगितले नव्हते, कारण रविवार होता आणि मी ती फाइल अजून उघडली नव्हती. पण सोमवारी ती मागवली, त्यामागे हे वाक्यही होते.

शिलाँगच्या आमच्या चौकडीने पुढे एक लहानसा प्रघात पाडला. दहिवरामुळे खेळ थांबला तर कॅडींना थांबल्या वेळेचे पैसे द्यायचे आणि ऊन पोचलेल्या होलवरून सुरुवात करायची. "त्यांना सवय लागेल," असे आमच्यातले एक गृहस्थ म्हणाले. सवय लागली ती आम्हाला. वेळेचे पैसे मोजावे लागू लागल्यावर आम्ही पहिल्या चहानंतरच उठून पलीकडचा उतार पाहून येऊ लागलो. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात जे चार पाने घेते, ते आमच्या चौघांच्या खिशांनी तीन शनिवारांत सिद्ध केले.

आता त्याला दीड दशक उलटले. १९७२ चे ते निवृत्तिवेतन नियम जाऊन २०२१ चे नवे आले, फायली कागदावरून संगणकाच्या पडद्यावर गेल्या, माझे केस पिकले. सध्या मी दिल्लीत आहे. येथे जानेवारीत दहिवराऐवजी धुके असते आणि धुक्यातला गोल्फ म्हणजे चेंडू मारायचा आणि तो पडल्याचा आवाज ऐकायचा. कधी कधी नऊ-नऊ वाजेपर्यंत थांबावे लागते. शेगडीच्या जागी विजेचा हीटर आहे, चहाबरोबर गप्पा आठव्या वेतन आयोगाच्या आहेत. कॅडी अजूनही बाहेरच उभे असतात.

महाराष्ट्राबाहेर नोकरी करणाऱ्या आपल्यापैकी अनेकांच्या टेबलावर अशा फायली असतील आणि अनेकांच्या घरातले कोणी कुठल्या तरी व्हरांड्यात अशा पत्राची वाट पाहत बसले असेल. दोन्ही बाजूंना आपणच असतो. थांबणे वाईट आहे असे मी म्हणणार नाही. माझ्या सात पावलांचे डाग मला आठवतात. 'उत्तराची प्रतीक्षा करावी' हे शब्द मी अजूनही लिहितो. मात्र त्यांच्याखाली आता तीन ओळी अधिक लिहितो: कोणत्या बाबीसाठी थांबलो आहोत, कोणत्या तारखेपर्यंत, आणि तोवर कोण थांबले आहे. तिसऱ्या ओळीत पदनाम चालत नाही, असा नियम मी माझ्यापुरता केला आहे. तेथे माणसाचे नाव लिहायचे.

माझ्या हाताखालील तरुण अधिकाऱ्यांना ही तिसरी ओळ अनावश्यक वाटते. शासकीय टिपणीत तिला जागा नाही, असे त्यांचे म्हणणे, आणि कार्यालयीन पद्धतीच्या पुस्तकानुसार ते बरोबरही आहे. मी त्यांना खोडून काढीत नाही. हिवाळ्यात एखाद्या शनिवारी सकाळी लवकर मैदानावर या, एवढेच म्हणतो.